चार बोटं वायर

"ब्रेक दाब."

"दाबलाय."

"सोड. आता पुन्ना दाब."

"दाबलाय म्हनतोय न्हवं."

नागसेन ट्रॉलीच्या मागं उकिडवा बसला होता. जीपमध्ये आकारामनं ब्रेक दाबला की ट्रॉलीचा लाल दिवा लागायला हवा होता. तो लागत नव्हता. उलट दोन्ही बाजूंचे पिवळे इंडिकेटर विझत आलेल्या विडीसारखे जरा धुमसत आणि गप्प होत. हेडलाईट लावला की मागचे सगळेच दिवे मेल्यासारखे होत. उजवा इंडिकेटर टाकला की डावा उघडझाप करी.

"भूत शिरलंय गड्या हिच्यात," आकाराम खिडकीतून मान काढून म्हणाला.

"भूतबीत काय न्हाई. बस तितंच."

जीप गावच्या दूध संस्थेची होती. तिच्यामागं दोन चाकांची छोटी ट्रॉली. सकाळ-संध्याकाळ वस्त्यांवरून दुधाच्या कॅन गोळा करायच्या आणि कराडच्या शीतकरण केंद्रावर नेऊन टाकायच्या, हे आकारामचं काम. दोन महिन्यांपूर्वी हायवेवर एका ट्रकनं मागून ठोकरून ट्रॉलीचा चेंदामेंदा केला होता. विम्यातून काम निघालं. सांगलीच्या एका गॅरेजात ती दीड महिना पडून होती आणि कालच नव्या पत्र्यानिशी, नव्या निळ्या रंगानिशी परत आली होती. विम्याचा सर्व्हेअर भर दुपारी येऊन बघून सही करून गेला होता. भर दुपारी दिवे लावून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

नागसेन थोरवडेचं वायरिंगचं खोकं कराड-विटा रस्त्यावरच्या फाट्याला होतं. एसटीच्या डेपोत त्यानं उमेदवारी केली, पण तिथं त्याला कायम केलं नाही. मग आठ वर्षं कराडात दुसऱ्याच्या हाताखाली काढली आणि मग संस्थेच्या जागेत हे पत्र्याचं खोकं टाकलं. त्याला आता बारा वर्षं झाली होती. आत बाबासाहेबांचा फोटो, बॅटऱ्या चार्ज करायचं यंत्र आणि खिळ्यांना टांगलेल्या वायरी. ऊस वाहणारे ट्रॅक्टर, जीपगाड्या, गावातल्या लोकांच्या फटफट्या, सगळ्यांचे दिवे त्याच्याच हातून जात.

त्यानं दोन वायरींना जोडलेला आपला बल्ब घेतला. एक टोक दिव्याच्या वायरीला लावलं, दुसरं ट्रॉलीच्या सांगाड्याला. बल्ब लागला नाही. तेच टोक त्यानं जीपच्या बंपरला टेकवलं. बल्ब लख्ख लागला.

"ट्रॉलीला अर्थिंगच न्हाई," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"करंट दिव्यात आला की त्याला माघारी जायाला वाट लागती. हितं वाटच न्हाई. मग त्यो घुसतोय दुसऱ्या दिव्यातनं."

तो पाठीवर सरपटत ट्रॉलीखाली गेला. अर्थिंगच्या वायरीचा स्क्रू गॅरेजवाल्यांनी ताज्या रंगावरच आवळला होता. जीप आणि ट्रॉली जोडणारा आकडाही जाड रंगानं माखलेला. लोखंडाला लोखंड कुठं लागतच नव्हतं.

"काम सोपं हाय," बाहेर येत तो म्हणाला. "रंग खरवडून ट्रॉलीपासनं जीपपत्तुर एक जाड वायर टाकायची. पर वायरीचं बंडल संपलंय. उद्या कराडास्नं आनतो."

"उद्या कुटलं? साडेचारला पयली कॅन उचलायची. सव्वाचार वाजलं. चौदा ठिकानं हायत. दूध नासलं तर चेअरमन आबा मला उभा जाळतील."

नागसेननं खोक्यात शोधलं. हातभर जुना तुकडा सापडला. त्यानं ट्रॉलीचा एक बोल्ट खरवडला, बंपरचा एक बोल्ट खरवडला. तुकडा दोन्हीकडं पोचला, पण अगदी ताणून. वायरीची तांब्याची तार त्यानं बोल्टाभोवती नुसती पिळली आणि वरून टेप गुंडाळला.

"दाब ब्रेक."

लाल दिवा लागला. इंडिकेटर आपापल्या बाजूला लागले. हेडलाईट लावल्यावर मागं दोन्ही दिवे नीट पेटले.

"झालं की," आकाराम म्हणाला.

"झालं न्हाई. वायर आखूड हाय, चार बोटं कमी. कुटंतरी वढ बसंल. उद्या सकाळी आन. लांब वायर टाकतो, टोकाला पितळी कडी मारतो. धा मिनिटाचं काम हाय."

"आनतो की," म्हणत आकारामनं जीप सुरू केली. रिकाम्या कॅन खडखडत ट्रॉली विट्याच्या दिशेला गेली.

दुसऱ्या दिवशी नागसेन सकाळच्या गाडीनं कराडला जाऊन वायर घेऊन आला. नव्या बंडलातून लांब तुकडा तोडला, दोन्ही टोकांना कड्या मारल्या आणि तो खिळ्याला टांगून ठेवला. जीप दहाला खोक्यावरून गेली, थांबली नाही. संध्याकाळी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी नागसेननं हात वर केला. आकारामनं हॉर्न वाजवला आणि रामराम घातल्यासारखा हात हलवून निघून गेला. चौथ्या दिवशी नागसेन एका ट्रॅक्टरचा डायनॅमो खोलून बसला होता. ट्रॉलीचा खडखडाट त्याला ऐकू आला. त्यानं मान वर केली नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी अपघात झाला.

त्याला तो कळला दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या टपरीवर. वस्तीवरच्या कॅन उचलायला ट्रॉली रस्त्याकडेला उभी होती, अर्धी डांबरावर. दिवस मावळून गेला होता, कुणीतरी उसाचा पाला पेटवल्यानं धूर पसरला होता. उपकेंद्रातली नर्स, अंजनाबाई, लुनावरून घराकडं निघाली होती. ती सरळ मागून ट्रॉलीवर आदळली. तिला मिरजेला नेलं होतं.

"लाईट लागली हुती का?" नागसेननं विचारलं.

"तर. पोलिसांनी बघितली की रात्रीच. झ्याक लागत्यात म्हनं," टपरीवाला म्हणाला. "बाईमानसाचं ध्यान कुटं असतंय गाडीवर."

नागसेनचा जीव भांड्यात पडला. अंजनाबाईला तो ओळखत होता, त्याच्या पिंकीला लहानपणी सगळे डोस तिनंच दिले होते. तरीही आधी त्याला बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली. त्यानं चहा अर्धाच ठेवला.

अपघातानंतर सहाव्या दिवशी संस्थेचे चेअरमन हंबीरराव यांनी निरोप धाडला. पोलिसांनी जीप सोडली आहे, बॅटरी उतरली असेल, नागसेननं आकारामबरोबर जाऊन ती घेऊन यावी. नागसेन चार्ज केलेली बॅटरी घेऊन गेला. ठाण्याच्या आवारात जीप आणि ट्रॉली चुन्यानं रंगवलेल्या भिंतीला पाठ करून उभी होती. ट्रॉलीच्या मागच्या निळ्या पत्र्याला खोक पडली होती. दिवे शाबूत होते.

हवालदारानं बॅटरी जोडल्यावर दिवे लावून बघितले. "हां, चालू हायत. तसंच लिवलंय पंचनाम्यात." आकारामला सहीसाठी घेऊन तो आत गेला.

नागसेन वाट बघत ट्रॉलीच्या मागच्या कडेवर टेकला. पुढ्यात चुन्याची भिंत होती. भिंतीवर दोन दिव्यांचा फिका तांबूस उजेड पडला होता. तो टेकला तसा उजेड गेला.

तो उठला. उजेड आला.

पुन्हा बसला. गेला. त्यानं वाकून दिव्याकडं बघितलं. काचेत विडीच्या टोकाएवढं काहीतरी धुमसत होतं, हातभर अंतरावरूनही दिसलं नसतं.

पुढं जाऊन बघायची त्याला गरज नव्हती, तरी तो गेला. मागं वजन पडलं की ट्रॉलीचं नाक वर उचललं जात होतं. नाक उचललं की त्याची आखूड वायर ताणली जायची आणि पिळलेली तार बोल्टावरून सुटायची. वजन उतरलं की ती पुन्हा टेकायची. त्या दिवशी खोक्यासमोर त्यानं दिवे तपासले होते ते रिकाम्या ट्रॉलीचे. पोलिसांनी तपासले तेही रिकाम्या ट्रॉलीचेच.

आकाराम बाहेर आला.

"हितं बस," नागसेन म्हणाला.

"कशाला?"

"बस म्हनतोय न्हवं. आन भितीकडं बघ."

आकाराम बसला. भिंतीकडं न बघताच पटकन उठला.

"गप की. हवालदार बघंल."

"तुला ठावं हुतं," नागसेन म्हणाला.

आकारामनं ठाण्याच्या दाराकडं बघितलं. मग हलक्या आवाजात बोलू लागला. "ती पडल्यावर मी मागं पळालो. लाईट नव्हती गड्या. नुसता अंधार. तिला न्यायाला गाडी न्हवती दुसरी, म्हनून आमी कॅन उतरल्या आन तिला ट्रॉलीत घालायला गेलो. शेवटची कॅन उतरली आन लाईट लागली. तिच्या तोंडावर लाल उजेड पडला. मला वाटलं मगाशी माजंच डोळं फसलं असतील."

"आसं वाटलं तुला?"

"तसं वाटून घेतलं." आकाराम खाली बसला. "माजी दोन पोरं हायत नागसेन. लायसन गेलं तर मी काय करू? तूच सांग."

नागसेननं वाकून ती आखूड वायर बोटानं ताणून बघितली. सकाळी आन, असं तो म्हणाला होता खरं. पण नुसतं म्हणाला होता. हातभर वायर पुरत नाही हे त्याला दिसत होतं आणि तरी त्यानं गाडी सोडली होती. चार दिवस ती त्याच्या डोळ्यांपुढून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीररावांनी त्याला डेअरीच्या हापिसात बोलावलं. हंबीरराव कधी आवाज चढवत नसत. त्यांनी त्याला खुर्ची दिली. बारा वर्षांत ती पहिल्यांदा दिली.

"एक चिठ्ठी लागतीय तुजी," ते म्हणाले. "ट्रॉलीचं दिवं तपासलं, समदं नीट करून दिलं, येवडंच. तारीख घाल आन सही कर."

"आबा, दिवं नीट न्हवतं." नागसेननं सगळं सांगितलं. गॅरेजवाल्यांचा रंग, आखूड वायर, भरलेली ट्रॉली. चार बोटं असं म्हणताना त्यानं नकळत बोटं वर केली.

हंबीररावांनी मधे तोंड घातलं नाही. सगळं झाल्यावर ते म्हणाले, "कळलं मला. खोटं बोलत न्हाईस तू. पर दोष कुनावर जातो, बघ की. सांगलीवाला सर्व्हेअरची सही दावंल, सुटंल. मी काय गाडीखाली शिरत न्हाई. र्‍हायलं कोन? आकाराम आन तू. पोरीचा पाय गेला त्यो गेला. तुमा दोगांची घरं घालवून त्यो उगवनार हाय का?"

"पाय गेला?"

"परवा काढला. गुडघ्याखालनं."

नागसेननं खुर्ची मागं सरकवली.

"तुजं खोकं संस्थेच्या जागेत हाय," हंबीरराव तशाच शांत आवाजात म्हणाले. "बारा वर्सं तुला कुनी कागद मागितला न्हाई. मागू दिला न्हाई मी. संस्थेत बोलनारी लय असत्यात, जागा कुनाला दिली म्हनून."

कागद टेबलावरच होता, लिहून तयार. नागसेननं सही केली. पेन परत देताना ते हातातून घरंगळलं आणि हंबीररावांनी ते वाकून उचललं.

त्या दिवशी त्यानं खोकं उघडलं नाही. घरी येऊन भिंतीला टेकून बसला. दुपारी आक्काताई, त्याची बायको, उसाच्या तोडीवरून परतली. डोक्याचं फडकं सोडता सोडता ती म्हणाली, "नर्सबाईचं लय वंगाळ झालं म्हनं. पाय गेला त्यो गेला, डोस्क्यावर पन परिनाम झालाय."

"कोन म्हनतंय?"

"तिच्या जावंची बहीन हुती तोडीला. ती बाई म्हनं येकच बोलतीय, रस्ता मोकळा हुता, म्होरं काय न्हवतं. ट्रॉली आभाळातनं पडली व्हय? बापानं डोळं तपासून घेतलं तिचं. डोळं चांगलं हायत. मग आता डोस्क्याच्या डाक्टरला दावनार हायत. सासूनं पोराला मिल्ट्रीत पत्र धाडलंय, बायको भरमिष्टागत करती म्हनून."

नागसेन बसल्या जागी दोन्ही हातांनी तोंड चोळू लागला. आक्काताई थांबली.

"आवं, काय हुतंय?"

त्यानं तिला सांगितलं. सहीचंही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि चुलीपुढं जाऊन बसली. बराच वेळ लाकडं मागंपुढं करत राहिली.

"खोकं जाईल," ती म्हणाली.

"जाईल."

"पिंकी औंदा धावीला हाय."

"व्हय."

"तुमाला धरत्याल?"

"धरत्याल असं वाटतंय."

संध्याकाळभर ती त्याच्याशी बोलली नाही. सकाळी मात्र त्याच्या आधी उठून तिनं दोन भाकरी फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. मिरजेला जायला कराडवरून गाडी बदलावी लागते, तीन तास लागतात.

दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात शेवटच्या खाटेवर अंजना होती. उशाला तिचे वडील, हरिबा, स्टुलावर बसले होते. आटपाडीकडचे उन्हानं रापलेले म्हातारे, हातात पटका धरून. अंजनाच्या गालावर टाके होते. कमरेपासून खाली चादर होती, आणि डाव्या बाजूला ती मध्येच सपाट झाली होती. नागसेननं नजर वर ठेवली.

"नागसेनदादा?" तिनं ओळखलं. "फाट्यावरचं वायरिंगवालं. तात्या, ह्यांच्या पिंकीला गोवराचं इंजेक्शन देताना ह्येच रडत हुतं." ती जरा हसली. मग म्हणाली, "ऐकलं असंल तुमी बी. मी येडी झालीय म्हनं."

"बाई, मी..."

"मी काय म्हनते, ट्रॉली हुती. मी आदळले म्हंजे हुतीच. पर मला दिसली कशी न्हाई? रोज त्याच रस्त्यानं जाते. धूर हुता म्हनून सावकाश चालले हुते. रस्ता मोकळा दिसत हुता मला. पोलीस म्हनत्यात लाईट चालू हुती, पंचांनी बघितली. मग मी काय बघत हुते? डोळं मिटून बघते तरी तेच दिसतंय. मोकळा रस्ता. कंच्याबी बाईला हात लावताना मला भ्या वाटंल आता. मी बघते त्ये खरं असतंय का न्हाई."

"गप र्‍हा पोरी," हरिबा म्हणाले. "डाक्टरनं बोलू नको म्हनून सांगितलंय."

"बाई," नागसेन म्हणाला, "लाईट न्हवती."

दोघंही त्याच्याकडं बघू लागले.

त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. कुठं काय झाकलं नाही. बोलताना शब्द सापडेनासे झाले की तो हातांनी ट्रॉली दाखवी, ट्रॉलीचं नाक दाखवी, वायर ताणलेली दाखवी. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली होती. ठाण्यातल्या भिंतीपर्यंत आल्यावर अंजनानं हात वर करून त्याला थांबवलं.

"पुन्ना सांगा. तुमी बसला तवा काय झालं?"

"दिवं गेलं."

"उठला तवा?"

"आलं."

"आन त्या दिवशी ट्रॉली भरल्याली हुती."

"मागनं काठोकाठ. तुमाला काय दिसनार, बाई? तितं उजेडच न्हवता. तुमचं डोळं बराबर हुतं."

तिनं डोळे मिटले. टाक्यांवरून पाणी ओघळू लागलं, ते तिनं पुसलं नाही. हरिबा पटका चुरगाळत उभे राहिले, पुन्हा बसले. "आठ दिस," ते म्हणाले, "आठ दिस मी पोरीला म्हनतोय, तुजंच चुकलं असंल." त्यांनी नागसेनकडं बघितलं.

अंजनानं डोळे उघडले. आवाज आता निराळा होता.

"चार दिवस ती ट्रॉली तुमच्या म्होरनं जात हुती?"

"व्हय."

"तुमी बघत हुता."

"व्हय."

"आडवं हून थांबवली न्हाई."

"न्हाई. हात केला येकदा. मग कामात र्‍हायलो."

"हिकडं या," ती म्हणाली.

तो खाटेजवळ गेला. तिनं स्वतःच्या हातानं चादर बाजूला केली. गुडघ्याखाली वीतभर पाय होता, पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला, टोकाला पिवळसर ओल आलेली. त्यापुढं नुसती गादी होती.

"बघा," ती म्हणाली. "वर काय बघताय. हितं बघा."

त्यानं बघितलं. तिनं चादर ओढून घेईपर्यंत बघत राहिला.

"तुमी आला नसता तर मला येड्यांच्या डाक्टरकडं न्हेलं असतं," ती म्हणाली. "म्हनून तुमाला जा म्हनत न्हाई. पर माफ केलं असं काय मी म्हननार न्हाई, दादा. त्ये माज्याच्यानं हुनार न्हाई."

"मी त्ये मागाया आलो न्हाई."

"मग आता सांगितलं त्ये पोलिसात सांगा. लिवून द्या."

"चिठ्ठी दिलीय मी उलटी. सही केलीय."

"मग दुसरी द्या."

त्यानं मान हलवली. जाताना हरिबांना हात जोडले. हरिबांनी हात जोडले नाहीत, पण दारापर्यंत त्याच्या मागून आले आणि तिथं थांबले. फडक्यातल्या भाकरी तशाच घेऊन नागसेन एसटी स्टँडवर आला. सारी वाट उभा राहून आला, जागा होती तरी.

ठाण्यात हवालदारानं त्याचा जबाब घेताना दोनदा पेन खाली ठेवलं. "तुला कळतंय का तू काय बोलतोयस? त्या चिठ्ठीवर तू सुटलेला हायस."

"कळतंय सायेब. लिवा."

पुढं व्हायचं तेच झालं. आकारामच्या नावाखाली निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात त्याचंही नाव लागलं. गॅरेजवाल्यांना बोलावलंच नाही. संस्थेच्या ठरावात फाट्यावरची जागा मोकळी करायचं ठरलं. हंबीरराव स्वतः आले नाहीत, त्यांनी शिपायाच्या हाती पत्र धाडलं आणि वर पंधरा दिवसांची मुदत दिली. नागसेननं खोकं आठव्या दिवशीच उतरवलं. पत्रे भंगारात गेले. फोटो आणि बॅटरीचं यंत्र घरी आलं. गावातलं कुणी त्याला वाईट बोललं नाही, पण वायरिंगचं कामही कुणी दिलं नाही. गावच्याच ड्रायव्हरला अडकवणाऱ्या माणसाच्या हातात गाडी कोण देईल. आकारामनं तोंड फिरवलं ते कायमचं.

फाल्गुनात त्याला मलकापूरला एका बॅटरीच्या दुकानात काम मिळालं, रोजावर. ॲसिड भरायचं, गाड्यांतून बॅटऱ्या उतरवायच्या-चढवायच्या. मालक त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता आणि त्याला "ए थोरवडे" म्हणायचा. कुणाच्या गाडीच्या वायरिंगला त्यानं हात लावू नये, एवढी एकच अट होती. आक्काताई उसाच्या हंगामानंतर लोकांच्या रानात भांगलणीला जाऊ लागली. पिंकी दहावीला पास झाली आणि कॉलेजात न जाता शिलाईच्या क्लासला गेली. तिनं त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही, आणि ती बोलत नाही हे नागसेनला रोज जेवताना कळायचं.

खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. तारखा पडत, तो मलकापूरहून दिवसाचा रोज बुडवून जाई, कोर्टाचे साहेब रजेवर असत, तो परत येई. अशा सातव्या की आठव्या तारखेला अंजनाची साक्ष होती.

कोर्टाच्या व्हरांड्यात माणसांची दाटी होती. नागसेन नेहमीसारखा खांबाला टेकून उभा होता. ॲसिडनं बोटांची कातडी सोलली होती, म्हणून त्यानं हात पाठीमागं धरले होते. पलीकडं आकाराम वकिलाशी बोलत होता. आतून पुकारा झाला तेव्हा अंजना बाकावरून उठली. कुबडी बगलेत घेऊन, लाकडी पाय टेकवत, हरिबांचा हात न धरता ती आत गेली.

तिच्यामागून आकाराम आणि नागसेनही जाऊन आरोपींच्या जागी उभे राहिले. तिला विचारलेलं मागं पुसट ऐकू येत होतं. तिची उत्तरं मात्र स्पष्ट ऐकू येत होती. आकारामच्या वकिलानं बराच वेळ तिला गोल गोल फिरवलं. वेग किती होता, धूर किती होता, चष्मा होता का. शेवटी त्यानं विचारलं, "म्हणजे त्या वेळी तुम्हाला नीट दिसत नव्हतं, हे खरं आहे ना?"

"खोटं आहे," अंजना म्हणाली. "मला दिसत होतं."

वकिलानं तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारला. तिनं तेच उत्तर दिलं, त्याच आवाजात.

ती बाहेर आली तेव्हा घामानं भिजली होती. बाकावर बसून तिनं पाय लांब केला. वकिलांचं जेवण झाल्यावर पुढचा पुकारा होणार होता, तोवर थांबायचं होतं. हरिबा पाणी आणायला गेले. नागसेन पुन्हा आपल्या खांबाशी येऊन उभा होता. व्हरांड्यात ऊन सरकत आलं आणि खांबाजवळची सावली गेली. नागसेन तिथंच उन्हात उभा राहिला.

अंजनानं एकदा त्याच्याकडं बघितलं. मग शेजारी ठेवलेली कुबडी उचलून पलीकडच्या बाजूला भिंतीला लावली. बाकावर एका माणसापुरती जागा झाली. पुन्हा वळून न बघता ती समोरच्या आवाराकडं बघत राहिली.

थोड्या वेळानं नागसेन आला आणि बाकाच्या टोकाला बसला.